इंजिन बदलायचं स्टेशन

आमच्या आबांना एक गाडी मरेपर्यंत विसरता आली नाही. तिचं नाव त्यांना नक्की सांगता येत नसे. कधी झाशीकडची म्हणत, कधी नुसतीच मेल. तारीख मात्र पक्की होती, २३ जानेवारी १९४८. आबांची ड्यूटीची एक वही होती, हाताच्या पंजाएवढी, पुठ्ठ्यावर ग्रीसचे काळे ठसे उमटलेली. ओव्हरटाइमच्या हिशोबात घोळ होऊ नये म्हणून ते रोजची पाळी त्यात लिहून ठेवत. ती वही आता माझ्याकडे आहे. त्या तारखेपुढे दोनच शब्द आहेत, ‘दिवसपाळी. थंडी.’ आणि त्यांच्याभोवती नंतर कधीतरी वेगळ्या पेन्सिलीने काढलेला एक गोल.

त्या दिवशी गांधीजी दिल्लीत होते. त्यांच्या आयुष्याचे सात दिवस उरले होते. २० जानेवारीला ते राहत होते त्या बिर्ला हाउसमध्ये बॉम्ब फुटला, पण त्यांना मारायचा कट फसला. कटातले नथुराम गोडसे आणि नारायण आपटे दिल्लीतून कानपूरला पळाले, तिथून रेल्वेने निघाले आणि २३ तारखेला मुंबईत पोचले. तिकडून झाशीमार्गे मुंबईला येणारी गाडी भुसावळ, मनमाड, नाशिक करत इगतपुरीला येते. आणि त्या काळी इगतपुरीला गाडीचं इंजिन बदलायचं. ते बदलणाऱ्या माणसांत आमचे आबा होते.

इगतपुरी मुंबईपासून १३६ किलोमीटरवर. कसारा सोडलं की थळ घाट सुरू होतो. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर, असा हा चढ. १९३० पासून या घाटात विजेची इंजिनं धावू लागली, पण वीज इगतपुरीपर्यंतच. पुढे भुसावळच्या बाजूला कोळसा. त्यामुळे आमचं गाव म्हणजे काळ्या इंजिनाची आणि विजेच्या इंजिनाची वेस. मालगाड्या ओढणारं, घाट चढताना मागून रेटा देणारं एक लांबोडकं इंजिन होतं. रेल्वेतली माणसं त्याला खेकडा म्हणायची. रात्री घाटातून खेकड्याचा कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि रेल्वे कॉलनीतली पोरं त्याच आवाजात झोपायची.

आबा पॉइंट्समन होते. गाडी थांबली की दोन बफरांच्या मधे वाकून शिरायचं, व्हॅक्यूमचा पाइप सोडवायचा, कपलिंगचा स्क्रू फिरवत ढिला करायचा आणि तो जड लोखंडी फास आकड्यावरून उचलून खाली टाकायचा. काळं इंजिन फुसफुसत शेडकडे जायचं. मग विजेचं इंजिन मागे मागे येऊन बफरला टेकायचं आणि तीच कामं उलट्या क्रमाने करायची. थंडीत लोखंड हाताला चावायचं. आजी सांगायची, घरी आल्यावर आबा राखेने हात घासायचे आणि तरी भाकरीला ग्रीसचा वास यायचा.

आणि डब्यातल्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. तो खिडकीतून चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचा, परत येऊन बसायचा. डबा तोच, जागा तीच, शेजारी तेच. ओढणारं इंजिन बदललं आहे हे त्याच्या गावीही नसायचं.

हे सगळं आबांनी मला १९९३ च्या जानेवारीत सांगितलं. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होतो. डिसेंबरनंतर हिंदू-मुसलमान दंगलीत मुंबई दुसऱ्यांदा पेटली होती. पुढे श्रीकृष्ण आयोगाने त्या डिसेंबर-जानेवारीतल्या मेलेल्यांची मोजदाद मांडली : एकूण ९००, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. तेव्हा आकडे कुणाला ठाऊक नव्हते. दिसत होत्या त्या मुंबईहून भरभरून सुटलेल्या गाड्या. आबांबरोबर मी फलाटावर उभा होतो. एका डब्याच्या दारात एक माणूस बसला होता, मांडीवर चादरीत गुंडाळलेली शिलाई मशीन. मशीनचं चाक चादरीतून बाहेर आलं होतं आणि त्यावर त्याच्या लहान मुलीने हात ठेवला होता. मी आबांना म्हणालो, ‘‘यांना एकदा धडा मिळायलाच हवा होता.’’

हे वाक्य माझं नव्हतं. कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलेलं होतं. पण तोंड माझं होतं. पंचाहत्तरीच्या आबांनी माझं मनगट धरलं. कपलिंग उचललेल्या हाताची ती पकड होती. मला बाकावर बसवलं आणि म्हणाले, ‘‘आता गप बस आन् ऐक.’’

गोष्ट त्यांनी गाडीपासून सुरू केली नाही. मास्तरांच्या ओसरीपासून केली.

कॉलनीच्या पलीकडे एक शाळामास्तर राहत. परिसरातल्या निम्म्या पोरांना त्यांनी अक्षर शिकवलं होतं, आबांनाही मोठेपणी. मास्तरांचा आवाज फार गोड. पोथी लावली की बायका हातातलं काम टाकून ऐकत. संध्याकाळी पाळी सुटली की दहा-बारा माणसं त्यांच्या ओसरीवर जमत आणि मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवत. १९४६ पर्यंत कुठलंही वाचत. मग पुण्याहून टपालाने एक नवं पत्र येऊ लागलं. त्याचं नाव आबांना आठवत नव्हतं. त्यातल्या मजकुराची चव मात्र आठवत होती. ‘‘पयल्यांदा कडू लागलं,’’ आबा म्हणाले. ‘‘मंग सवय झाली. मंग ते नसलं तर चुकल्यागत वाटाया लागलं.’’

त्याच दिवसांत फाळणी झाली. सिंध-पंजाबातून उठून आलेली माणसं गाड्यांनी इकडे यायला लागली. पुढे कल्याणच्या लष्करी छावण्यांत त्यांची वस्ती झाली, तिचंच उल्हासनगर झालं. इगतपुरीला गाडी थांबली की कॉलनीतल्या बायका पाण्याच्या कळशा आणि भाकरी घेऊन धावत. आजीने एका बाईला पाणी पाजलं होतं. त्या बाईला आजीची भाषा येत नव्हती. तिने आजीचा पदर धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. आजी ते सांगताना दर वेळी स्वतःचा पदर हातात घ्यायची.

आबांचं म्हणणं असं की त्या बाईचं दुःख खरं होतं, पावलीभरही खोटं नव्हतं. पण ओसरीवर ते पत्र वाचलं जाई तेव्हा त्या दुःखाची फुंकर विस्तवावर घातली जाई. बाई मागत होती पाणी आणि पाठ टेकायला जागा. पत्र मागत होतं सूड, तोही लोको शेडमधल्या त्या मुसलमान फिटरवर, ज्याने आबांना स्पॅनर धरायला शिकवलं होतं. आणि दहा-बारा माणसं माना डोलावत होती.

मग ३० जानेवारीची संध्याकाळ. स्टेशनवर गांधींच्या खुनाची बातमी तारेने आली की रेडिओवरून, ते आबांना सांगता येत नव्हतं. एवढंच आठवत होतं की उभ्या गाडीतून माणसं खाली उतरली आणि कुणी कुणाशी बोललं नाही. मारणाऱ्याचं नाव आणि जात कळली तसं वारं फिरलं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जळाली, गावंच्या गावं उठली, माणसं मारली गेली. आमच्या एका आत्याचं सासर साताऱ्याकडचं. त्यांच्या आळीतला एक वाडा तिच्या डोळ्यांदेखत जळला. त्या घरातली म्हातारी अंगणातल्या तुळशीवर ओलं पोतं टाकत राहिली, हे तिने आयुष्यभर सांगितलं. ज्यांनी गांधींना बापू म्हटलं त्यांनीच बापूंच्या नावाने काड्या लावल्या.

आमच्याकडे तेवढं झालं नाही. पण एका रात्री पाच-सहा पोरं हातात दगड घेऊन मास्तरांच्या दारात आली. आबा, ते फिटर चाचा आणि एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर उंबऱ्यावर जाऊन बसले. भाषणबिषण कुणी केलं नाही. चाचांनी विडी पेटवली, आबांनी हातातला कंदील खाली ठेवला. पोरं थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. आत मास्तर देवघरापाशी बसून होते. ज्या माणसाच्या जातभाईंविरुद्ध ते रोज संध्याकाळी वाचत होते, तोच त्यांच्या उंबऱ्यावर बसला होता.

फेब्रुवारीत गांधींच्या अस्थी देशभरच्या नद्यांत सोडल्या. नाशिकला रामकुंडात विसर्जन झालं. मास्तर आबांना म्हणाले, ‘‘मला जायचंय, पण एकट्याने धीर होत नाही.’’ आबा त्यांना घेऊन गेले. गर्दीत मागे, पाण्याला पाय लागतील एवढंच उभे राहिले. परतीच्या गाडीत मास्तर घोटीपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘माझा आवाज चांगला होता. त्याने घात केला.’’ त्यानंतर त्यांनी ओसरीवर कधीही काही वाचलं नाही, पोथीसुद्धा नाही.

खटला लाल किल्ल्यात चालला. १९४८ च्या पावसाळ्यात रोजच्या रोज साक्षी छापून यायच्या. कोण कुठून कुठल्या गाडीने आला, कुठल्या हॉटेलात उतरला, कुणी तिकीट काढलं. कानपूरहून रेल्वेने मुंबई, २३ जानेवारी, हे आबांनी वाचलं आणि वही काढली.

या पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत मी इगतपुरीच्या घरी होतो. बाहेर धुकं एवढं की समोरची खाचरं दिसत नव्हती, नुसता बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. बरोबर धीरेंद्र झा या दिल्लीच्या पत्रकाराचं पुस्तक होतं, ‘गांधीज असॅसिन’. नथुराम गोडसे कसा घडला, हा त्याचा विषय. ‘शॅडो आर्मीज’ या त्यांच्या आधीच्या पुस्तकातलं एक प्रकरण नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलवर आहे. मराठीत पत्रकार जगन फडणीस यांनी ‘महात्म्याची अखेर’ लिहून या वाटेवर पाऊल टाकलेलं होतंच. झा त्या वाटेवर दप्तरांची गाठोडी सोडत जातात. अटकेनंतर नथुरामने मराठीत दिलेला लांबलचक जबाबही त्यांनी अभ्यासला आहे.

मला त्या पुस्तकात स्टेशनं दिसली. बारामतीला १९१० मध्ये जन्म. आधीचे मुलगे जगले नाहीत, म्हणून आईबापांनी याला मुलीसारखं वाढवलं, नाकात नथ घातली. रामचंद्राचा नथुराम झाला तो असा. वडील टपाल खात्यात. त्यांच्या बदलीने १९२९ मध्ये कुटुंब रत्नागिरीला गेलं. तिथे स्थानबद्ध असलेले सावरकर या मॅट्रिक न झालेल्या पोराला भेटले. मग सांगली. पोटासाठी शिवणकाम आणि संघाची शाखा. मग पुणे, हिंदू महासभा, हैदराबादच्या निजामाविरुद्धचा सत्याग्रह, तुरुंगवास. १९४४ मध्ये ‘अग्रणी’ हे पत्र, सरकारने जामीन मागितल्यावर ‘हिंदू राष्ट्र’ या नव्या नावाने निघालेलं तेच पत्र. शिवणकाम करणाऱ्याच्या हातातली सुई जाऊन लेखणी आली आणि लेखणी जाऊन पिस्तूल. एकाही स्टेशनावर तो दुसरा माणूस झाला असं दिसत नाही. डबा तोच.

नथुरामने संघ सोडला होता, असं संघ सांगत आला आहे. त्याने तो सोडल्याचा पुरावा नाही, असं झा कागदपत्रांवरून मांडतात. नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे यांनीही उतारवयात तसंच सांगितलं होतं. खटल्यातले एक आरोपी सावरकर १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात निर्दोष सुटले. वीस वर्षांनी, कटाची पुन्हा चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने मात्र समोर आलेल्या पुराव्यावरून त्यांच्याविषयी वेगळा निष्कर्ष नोंदवला. वाचकाने हे दोन्ही ठाऊक असू द्यावं. मला त्या वादाहून मोठी वाटते ती मधल्या स्टेशनांवरची गर्दी. पत्राचे वर्गणीदार, सभेत टाळ्या वाजवणारे, संस्थेला देणगी देणारे, ओसरीवर माना डोलावणारे.

आमचा जिल्हा या वाटेच्या बाहेर नाही. सावरकरांचं भगूर नाशिकजवळच. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे मार्च १९३१ मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या पोरांना लष्करी कवायत देणाऱ्या संस्था पाहून भारावले आणि ते सारं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. मार्झिया कासोलारी या इटालियन संशोधक बाईंनी ते कागद अभ्यासून २००० मध्ये प्रसिद्ध केले. परत आल्यावर मुंज्यांनी १९३५ मध्ये हिंदू सैनिकी शिक्षणाची संस्था काढली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. आज तिथे शिकणाऱ्या पोराला या इतिहासाचा जाब विचारणं अन्याय होईल. पण आपल्या जिल्ह्यातलं बियाणं कुठकुठल्या मातीतून आलं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आणि याच जिल्ह्याने दुसरंही पेरलं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथे सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या चिकाटीवर तो पाच वर्षं चालला. ज्यांना देवाच्या दारातून हाकलत होते त्यांनी मार खाल्ला, पण सूड मागितला नाही, हक्क मागितला. सप्टेंबर १९५० मध्ये नाशिकच्या गांधीनगरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा पंडित नेहरू स्वतःच्या पक्षातल्या जातीयवादाविरुद्ध उभे राहिले. गांधींना जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती आणि हे त्यांच्याच पक्षाला सांगावं लागत होतं.

पुस्तक वाचताना एका माणसापाशी मी थांबलो. मुंबईच्या रुइया कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन. मदनलाल पाहवा हा निर्वासित पोरगा त्यांच्या ओळखीचा, त्याला त्यांनी मदत केली होती. गांधींना मारायचा कट आहे, असं मदनलाल त्यांच्याजवळ बोलला. जैनांना ती घरदार गमावलेल्या पोराची बडबड वाटली. २० तारखेला बॉम्ब उडवताना मदनलालच पकडला गेला, तसे जैन २१ जानेवारीला मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे धावले आणि सगळं सांगितलं. हातात नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत नथुराम आमच्या घाटातून उतरला, मुंबईत राहिला, २७ तारखेला विमानाने दिल्लीला गेला, ग्वाल्हेरहून पिस्तूल मिळवलं आणि परत दिल्लीत आला.

जैन निदान बोलले. आणखी कुणाकुणाला आधी ठाऊक असेल, त्याचा अंदाज १९६४ मध्ये आला. शिक्षा भोगून सुटलेल्या गोपाळ गोडसेच्या सत्कारासाठी पुण्यात माणसं जमली. नथुरामचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता, असं तिथे ग. वि. केतकर बोलून गेले. केतकर टिळकांचे नातू आणि नावाजलेले संपादक. त्या बोलण्याने देश हादरला आणि त्यातूनच पुढे कपूर आयोग आला. कुणाला काय ठाऊक होतं, हे विचारायला अठरा वर्षं लागली.

१९९३ च्या त्या संध्याकाळी आबांची गोष्ट संपली तेव्हा शिलाई मशीनवाल्याची गाडी कधीच निघून गेली होती. मला आबांची दया आली. मी म्हणालो, ‘‘आबा, त्या गाडीत कोण होतं हे तुम्हाला कसं कळणार? तुम्ही कशाला मनाला लावून घेता?’’

आबांनी मान हलवली. ‘‘गाडीचं काय घेऊन बसलास, पोरा. कपलिंग लावताना मानूस डब्यात बघत नाय. बघायचंही नसतं, सगळ्यांची गाडी ती. वहीत गोल काढला तो गाडीसाठी नाय काढला. त्या गाडीतल्या मानसानं जे लिवलं असंल नसंल, तसलंच मास्तर वाचत व्हते. आन् मी म्होरं बसून मान हलवत व्हतो. रोज. ते इसरू नये म्हनून गोल काढला.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आन् आज तू माझ्यापाशी तेच बोललास.’’

त्यानंतर ते चार वर्षं जगले. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. लाज वाटत होती.

या पावसाळ्यात आईला मी ते पुस्तक मराठीत सांगत होतो. तिचे डोळे अधू झाले आहेत, पण ऐकते नीट. नथेचं ऐकून ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘किती नवसाचं असेल रे ते पोर.’’ जरा थांबून विचारलं, ‘‘तुझ्या पोराला आबांची वही दाखवलीस का कधी?’’

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्या वेळी तो आतल्या खोलीत मोबाइलवर काही ऐकत पडला होता. कुणीतरी इतिहास सांगत होता. कुणी कुणाची किती देवळं पाडली आणि म्हणून आज कुणाला काय केलं पाहिजे. आवाज बाहेर येत होता. भारदस्त आणि गोड, ऐकत राहावं असा.

आता इगतपुरीला इंजिन बदलत नाही. भुसावळच्या बाजूलाही वीज आली आणि मुंबईपर्यंत ती एकच झाली. चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सोडवायला गाडी थांबते तेवढीच. खेकडाही गेला. मी उठून कपाटातून वही काढली, आत गेलो आणि मुलाच्या हातात दिली. त्याने पानं चाळली, आबांचं अक्षर बघून हसला आणि मग त्या पानावर थांबला.

‘‘बाबा, हा गोल कसला?’’

मी त्याच्या शेजारी खाटेवर बसलो. त्याने स्वतःहून मोबाइल बंद केला. बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, ‘‘मास्तरांच्या ओसरीपासून सांग.’’